शेजारच्या सीटवरचे मास्तर

गाडी शिकवणाऱ्या माणसाला स्वतःला गाडी चालवता येते का, हे कुणी कधी विचारत नाही. विचारायला हवं. पण मास्तरांना असलं काही विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण आसपासच्या निम्म्या लोकांचे परवाने मास्तरांच्या ओरडण्यातूनच निघालेले होते.

मास्तर म्हणजे उंच, काटकुळे, साठीला टेकलेले गृहस्थ. खिशाला दोन पेनं, नाकावर चष्मा आणि कपाळावर कायमची आठी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस: एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि खिळ्याला टांगलेलं एक जुनं स्टिअरिंग. प्रत्येक नव्या शिष्याला आधी ते मांडीवर घेऊन खुर्चीतल्या खुर्चीत वळणं घ्यावी लागत. फाटकाला दोन खांब, त्यातल्या एकावर ट्रेनिंग स्कूलची पाटी. गाडी एकच, पांढरी. तिच्या शेजारच्या सीटच्या पायाशी मास्तरांसाठी जादा बसवून घेतलेली दोन पेडलं होती. डाव्या पायाला क्लच, उजव्या पायाला ब्रेक. ॲक्सिलरेटर तिकडे नाहीच, कारण वेग वाढवायचं काम शिष्याचं आणि थांबवायचं मास्तरांचं.

मास्तरांची शिकवायची रीत अख्ख्या रस्त्याला पाठ होती. चूक झाली की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, काच खाली करायची आणि आपण काय केलं ते खिडकीतून मोठ्यानं सांगायचं. "मी आरशात न बघता वळलो." मास्तर म्हणायचे, "ऐकू आलं नाही." मग आणखी मोठ्यानं. समोरचा इस्त्रीवाला तर हातातली इस्त्री आडवी ठेवून ऐकायचा. दोनदा सांगून झालं की मास्तर म्हणायचे, "झालं. आता गाडी चालू करा." तिथे विषय संपला. पुन्हा त्या चुकीचं नाव नाही, टोमणा नाही. पण कौतुकही नाही हो. कितीही सुरेख चालवा, मास्तरांच्या तोंडून फार तर "हं" निघायचं. आणि ज्याला ते "हं" मिळालं तो घरी जाऊन सांगायचा.

लग्न नवं होतं तेव्हा मास्तरीणबाईंनीही एकदा धडा घेतला होता. पहिल्याच दिवशी सासूबाई, दीर आणि आलेले पाहुणे अंगणात उभे असताना त्यांना काच खाली करून आपली चूक सांगावी लागली. त्यांनी ती सांगितली, दार उघडलं, खाली उतरल्या आणि पुन्हा त्या बाजूच्या दाराला हात म्हणून लावला नाही. नवऱ्याशी मात्र त्यांचं उत्तम चाललं होतं. ज्याची कुणी थट्टा करत नाही अशा माणसाची थट्टा घरात तरी कुणी करायला हवी, हे त्यांनी आपलं काम मानलं होतं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मास्तरीणबाई सोडून कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मास्तर स्वतः गाडी चालवतच नसत. कित्येक वर्षांत नाही. भाजी आणायची असली की त्या दिवशीचा धडा गर्दीत पार्किंगचा. बहिणीनं जेवायला बोलावलं की चढावर गाडी थांबवण्याचा, कारण बहीण चढावर राहायची. दाढ दुखत होती त्या आठवड्यात तर सगळे शिष्य दातांच्या दवाखान्यासमोर रिव्हर्स शिकले. दिवस संपला की गाडी फाटकातून आत घ्यायची, तीही शेवटच्या शिष्यानं. अरुंद जागेचा सराव नको का व्हायला? मास्तर आपले शेजारच्या सीटवर, उजवा पाय ब्रेकवर, हात मांडीवर. राजेशाही थाट नुसता.

मास्तरांच्या शिष्यांत त्या वेळी शिलाईताई होत्या. रस्त्याच्या टोकाला त्यांचं घर, पुढच्या खोलीत दोन मशिनी, आणि शाळेच्या गणवेशांचे ढीग छतापर्यंत. नवरा होता तोवर तो आपल्या लहान व्हॅनमधून गठ्ठे शाळाशाळांना पोचवायचा. तो गेला आणि व्हॅन ताडपत्रीखाली उभी राहिली. मग टेंपोवाल्याच्या मिनतवाऱ्या सुरू झाल्या. तो कधी यायचा, कधी यायचा नाही, आणि ताईंनी शाळेत जाऊन बोलणी खायची. शेवटी त्यांनी मनावर घेतलं की व्हॅन आपणच चालवायची. मनावर घेतलं खरं, पण धीर होत नव्हता. चणीनं लहान, त्यामुळे सीट पार पुढे ओढून आणि पाठीशी उशी घेऊन बसायच्या, आणि रस्त्यावर कुत्रं दिसलं तरी त्याला आधी जाऊ द्यायच्या. खिडकीतून चुका सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. तरी त्या येत राहिल्या.

त्या संध्याकाळी मात्र नवल घडलं. शिलाईताईंनी बाजारातून गाडी आणली, फाटकासमोर रस्त्याच्या कडेला लावली, गिअर न्यूट्रलला आणला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. चाकं सरळ, कडेपासून अंतर बरोबर. मास्तरांनी दार उघडून खाली बघितलं आणि त्यांना चूक अशी सापडेना. ते म्हणणार होते "हं". पण तेवढ्यात ताई म्हणाल्या की आज गाडी आत घ्यायला थांबत नाही, एका शाळेची ऑर्डर द्यायची आहे. "जा तुम्ही, मी घेतो," मास्तर म्हणाले. ते "हं" राहूनच गेलं.

ताई उतरून चालू लागल्या. मास्तर फेरी मारून चालवणाऱ्याच्या सीटवर बसले. बसले म्हणजे काय, दुमडले. सीट पुढे, पाठीला उशी, गुडघे स्टिअरिंगला लागलेले. सीट मागे कोण घेत बसतो, चार हात तर जायचंय, असं म्हणून त्यांनी गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला आणि फाटकाकडे वळवली. तर फाटकाच्या मधोमध मांजर पसरलेलं. मास्तरांनी ब्रेक दाबला. इतकी वर्षं जिथे दाबत आले होते तिथेच, सगळ्यात उजवीकडचं पेडल, करकचून.

त्या सीटवर ते पेडल ॲक्सिलरेटरचं असतं.

मांजर भिंतीवर गेलं. गाडी खांबावर गेली. बॉनेट उभं राहिलं, एक दिवा फुटला, खांब वाकडा झाला आणि ट्रेनिंग स्कूलची पाटी काचेवर येऊन पडली. मास्तरांना कुठे खरचटलंसुद्धा नाही. लागलं ते दुसरीकडेच. ते धडपडत खाली उतरले तेव्हा शिलाईताई पळत परत आल्या होत्या आणि इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचे औषधवाले, झाडून सगळे जमू लागले होते. ताईंनी हळूच विचारलं, "मास्तर, मी गाडी गिअरमध्येच सोडली होती का हो? तुम्ही किल्ली फिरवलीत आणि तिनं उडी मारली का?"

आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "असू द्या, ताई. होतं असं."

बघा, काय माणूस आहे! बाईंनी काही केलेलंच नव्हतं, आणि यांनी त्यांना माफ करून टाकलं. औषधवाल्यांनीही लगेच ताईंची समजूत काढली की शिकताना एखादा खांब पडायचाच. लोकांनी तेवढंच ऐकलं आणि उरलेलं आपापल्या मनानं भरलं. रात्रीपर्यंत शिलाईताईंनी गाडी खांबावर घातली हे सगळीकडे झालं. मास्तरांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

मास्तरीणबाईंनी सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं होतं. जेवायला वाढताना फक्त म्हणाल्या की खांबाची कमाल आहे, इतकी वर्षं एका जागी उभा होता आणि आजच कसा काय मध्ये आला. मास्तरांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी विमावाला भाचा आला. विमा कंपनीचा एजंट म्हणून त्याचं बस्तान चांगलं बसलेलं, मामाची पॉलिसी त्याच्याकडेच. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, फोटो काढले आणि सांगितलं की गाडी हलवायची नाही, कंपनीचा सर्व्हेअर येऊन नुकसान बघेपर्यंत अशीच राहू दे. क्लेम करायचा तर उशीर नको. चालवणारं कोण, कसं घडलं, एवढं लिहायचं. शिकाऊ माणूस होता म्हणून काही अडणार नाही, ट्रेनिंगची पॉलिसी असते ती त्यासाठीच. ताईंचा जबाब आणि सही तेवढी घेऊ. वाटेत इस्त्रीवाल्यानं त्याला सगळं सांगितलंच होतं. मास्तर म्हणाले, विचार करून सांगतो.

विचार काय करायचा होता? क्लेम करायचा तर कुणीतरी सरळ विचारणार, गाडी कोण चालवत होतं. खरं सांगावं तर ज्यानं सगळ्यांना ब्रेक शिकवला त्याला ब्रेक सापडला नाही यावर शिक्कामोर्तब होणार. उद्या कोण शिकायला येणार? आणि खोटं सांगावं तर ताईंच्या नावावर जाणार. म्हणून मास्तरांनी तिसरी वाट काढली. क्लेमच नको. बिचाऱ्या ताईंना कशाला जबाबाचा त्रास, आपण सोसू खर्च, असं त्यांनी बायकोला सांगितलं. सांगताना आवाजात एवढा मोठेपणा आला की क्षणभर त्यांचा त्यांनाच विश्वास बसला.

तो विश्वास गॅरेजवाल्यानं घालवला. त्यानं बॉनेटखाली वाकून असा सुस्कारा सोडला की मास्तरांनी आकडा ऐकायच्या आधीच खिसा चाचपला. खर्च एवढा की तो सोसायचा तर पुढचं वर्ष सगळं हात आखडून काढावं लागेल. मास्तरांनी भाच्याला फोन करून सांगितलं, बोलाव सर्व्हेअरला. संध्याकाळी पुन्हा फोन करून सांगितलं, राहू दे. सकाळी भाच्याला जाग आली तीच मामाच्या फोननं, की बोलाव. भाचा गुणी मुलगा. त्यानं मधला निरोप कंपनीला कळवलाच नव्हता.

गाडी तोवर फाटकात नाक खुपसून उभी. शिकवणी बंद. जाणारा येणारा थांबायचा, ताईंच्या नावानं चुकचुकायचा आणि मास्तरांच्या सोशिकपणाचं कौतुक करायचा. त्या कौतुकानं मास्तर निम्मे झाले. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला कौतुक दिलं नव्हतं, आणि आता मिळत होतं ते असं.

"क्लेम करा की," एकदा मास्तर जेवत असताना मास्तरीणबाई म्हणाल्या. "खरं लिहायला काय शाई जास्त लागते?"

मास्तर म्हणाले, तुला कळत नाही, स्कूलच्या नावाचा प्रश्न आहे. त्यावर त्या भांडी पुसत राहिल्या आणि मग थट्टेचा सूर सोडून म्हणाल्या, "शिलाईताईंनी व्हॅन विकायला काढली. उद्या माणूस बघायला येतोय. मला म्हणाल्या, उभी केलेली गाडीसुद्धा माझ्या हातून धड उभी राहत नाही, मी कुठे चालवणार."

मास्तरांना ती सरळ चाकं आठवली, ओढलेला हँडब्रेक आठवला. इतक्या शिष्यांत इतकी नेटकी गाडी कुणी लावली नव्हती, आणि ती नेमकी तिच्याच हातून लागली होती जी आता पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली. अगदी साधी, सरळ लाज. पण लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. पान अर्धं टाकून ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेअर आला. घामाघूम, गळ्यात बॅग, आधीच्या दोन गाड्या बघून आलेला आणि पुढच्या दोन बाकी. त्यानं चाकं बघितली, खांब बघितला, मोबाईलवर फोटो काढले. भाचा कागद घेऊन उभा. शिलाईताईही आल्या, कारण भाच्यानं सहीसाठी बोलावलं होतं. त्यांच्या हातात मोठी पिशवी होती. सीटवर काचा पडून कव्हरं फाटली असतील म्हणून त्यांनी गाडीसाठी नवी कव्हरं शिवून आणली होती, निळ्या कापडाची, मास्तरांच्या सीटच्या कव्हराला चष्मा ठेवायला एक खिसा. शिष्यांची चूक ऐकायला मास्तर नेहमी चष्मा काढतात, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. मास्तरांनी तो खिसा बघितला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

सर्व्हेअरनं विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

मास्तरांनी घसा खाकरला. पण ताई त्यांच्याआधी पुढे झाल्या. त्यांनी चालवणाऱ्याच्या बाजूचं दार ओढून उघडलं, सीटवर बसल्या आणि काच खाली केली. इस्त्रीवाल्यानं सवयीनं इस्त्री आडवी ठेवली. औषधवाले दुकानाच्या पायरीवर आले. ताईंनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाल्या, "मी गाडी गिअरमध्ये सोडली."

आवाज अगदी बारीक होता. एरवी मास्तर म्हणाले असते, ऐकू आलं नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. निदान "झालं" तरी म्हणतील, म्हणजे त्यांच्याच रीतीप्रमाणे बाई मोकळी होईल. मास्तरांच्या ओठावर तो शब्द आलासुद्धा. एक शब्द, की काम फत्ते; क्लेम मंजूर, नाव शाबूत, आणि उद्यापासून पुन्हा शेजारच्या सीटवर. तेवढ्यात त्यांचं लक्ष दारात उभ्या असलेल्या बायकोकडे गेलं. ती हसत नव्हती. कालपासून तिनं त्यांची थट्टा केली नव्हती, आणि ते त्यांना झेपेना.

"ताई, उतरा," मास्तर म्हणाले.

ताई घाबरून उतरल्या. मास्तर आत दुमडले. सीट अजून पुढेच होती, पाठीला उशी तशीच. काच आधीच खाली होती. त्यांनी चष्मा काढला, रस्त्याकडे तोंड केलं आणि सांगितलं, "मी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला."

सर्व्हेअरचं पेन हललं आणि थांबलं. भाचा पुटपुटला, "मामा, तुम्ही?"

"मीच," मास्तर म्हणाले. आता सुरुवात झालीच होती, तर त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "या सीटवर बसायची मला सवय राहिलेली नाही. ताईंनी गाडी बरोबर लावली होती. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकं सरळ. इतक्या वर्षांत इतकी चांगली गाडी माझ्या फाटकासमोर कुणी लावली नाही. त्यांनी मला विचारलं, माझी चूक का, तेव्हा मी नाही म्हटलं नाही. वर त्यांना माफ केलं. हे मी केलं."

शिलाईताई गणवेशाच्या गठ्ठ्याला धरावं तशी ती पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना रागही आला होता. रागावणं त्यांना नवीनच होतं, त्यामुळे तो कुठून काढावा हे त्यांना कळत नव्हतं. रात्र रात्र जागून त्यांनी तो गिअर आठवायचा प्रयत्न केला होता. त्यांनी पदरानं डोळे पुसले, मास्तरांच्या खिडकीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ऐकू आलं नाही."

इस्त्रीवाला फिस्सकन हसला. मास्तरांनी मान खाली घातली, वर केली, आणि सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, चौकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. चाकं सरळ होती हे तर त्यांनी दोनदा सांगितलं.

सर्व्हेअरनं ते होतं तसं लिहून घेतलं, मास्तरांची सही घेतली आणि आता गाडी हलवायला हरकत नाही म्हणून पुढच्या गाडीकडे निघून गेला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. पेडलांची गल्लत तो रोज ऐकायचा. पुढे क्लेम मंजूर झाला, थोडा कापून का होईना. हप्त्यात सूट देणारा नो क्लेम बोनस गेला, त्याची हळहळ मास्तर अजून करतात. शिकायला येणारे काही थांबले नाहीत. उलट इस्त्रीवाल्यानं नाव घातलं. म्हणाला, आता आपल्याला भीती नाही.

पण हे सगळं नंतर. त्या वेळी गाडी खांबाला नाक लावून उभी होती आणि मास्तर अजून आत बसलेले. शिलाईताईंनी घरी शेजारणीला फोन केला आणि सांगितलं की व्हॅन बघायला माणूस आला तर त्याला परत पाठव, व्हॅन विकायची नाही. मग त्या गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. पुढे सरकून त्यांनी पाय कसाबसा मास्तरांच्या ब्रेकपर्यंत पोचवला.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता गाडी चालू करा. आधी सीट मागे घ्या."

मास्तरांनी सीट मागे घेतली. उशी काढून त्यांच्याकडे दिली. वाकड्या बॉनेटच्या कडेनं वाट काढत, आधी मागे, मग हळूहळू पुढे, त्यांनी गाडी त्या वाकड्या खांबाशेजारून आत घेतली. ताईंनी मध्ये एकदा उगीचच ब्रेक दाबला. मास्तरांनी गाडी पुन्हा चालू केली. गाडी उभी राहिली, गिअर न्यूट्रल झाला, हँडब्रेक ओढला गेला. शिलाईताईंनी दार उघडून चाकांकडे बघितलं.

"हं," त्या म्हणाल्या.

मास्तर गाडीतून उतरले आणि घरात जाऊन त्यांनी ते बायकोला सांगितलं.